होडीची मागची फळी नव्याने बसवतोय : प्लाय बाराचा घेऊ की अठराचा?

साळकाठी | ९ जून, रात्री १०:४०

मंडळी, पाऊस लागलाय, होडी अंगणात ताडपत्रीखाली उलटी-सुलटी पडलीय आणि माझं डोकंही तसंच झालंय. जाणकारांनी मदत करावी.

होडी फायबरची, १७ फुटी. चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. साळ नदीत गरी टाकायला, कधी पाहुण्यांना घेऊन बेतुलच्या मुखापर्यंत जायला, एवढाच वापर. मोटर २५ हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, हातात दांडा धरून चालवायची. मे महिन्यात लक्षात आलं की ॲक्सिलेटर पिळला की मोटर जराशी मागे कलते. आधी वाटलं क्लॅम्प ढिले असतील. आवळले, तरी तेच. मग मोटर उतरवून फळीला खालच्या बाजूला एक बारीक भोक पाडलं. त्यातून जे तपकिरी पाणी सुरू झालं ते अर्धा तास थांबेना.

आतलं फायबर ग्राइंडरने कापून काढलं. आत जो प्लाय होता तो हातानेच निघाला, चहाच्या चोथ्यासारखा. बाहेरचं फायबर मात्र शाबूत आहे, साधारण ५ एमएम. एका कोपऱ्यात कोरडा तुकडा मिळाला, तो मोजला तर २५ एमएम. म्हणजे बाराचे दोन असावेत.

मडगावच्या दुकानात मरीन प्लाय बारा आणि अठरा एमएमचा मिळतो, एकोणीस मागवावा लागेल म्हणाले. शेजारचा ट्रॉलरवाला म्हणतो अठरा अधिक बारा कर. आणि काणकोणचे एक म्हातारे मेस्त आहेत, ज्यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या, त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘‘बारा घाल. उणें नाका, चड नाका.’’ (कमी नको, जास्त नको.) आणि फोन ठेवला. आता बारा एमएमच्या एका फळीवर ५० किलोची मोटर कशी टांगणार? परत फोन करायची हिंमत होत नाही.

मासेमारी बंदी ३१ जुलैला उठेल तेव्हा सगळे पाण्यात उतरतील. मला नारळी पुनवेपर्यंत वेळ आहे.

पेठेतला_कावळा | ९ जून, रात्री ११:१५

धागा वाचायला मजा येणार असं दिसतंय. पण आम्हा डोंगराआडच्या लोकांना आधी सांगा, मागची फळी म्हणजे नेमकं काय? बसायची फळी का?

साळकाठी | ९ जून, रात्री ११:३२

नाही हो. होडीचं पुढचं टोक निमुळतं असतं आणि मागचं सपाट कापल्यासारखं. त्या सपाट भागाला ट्रान्सम म्हणतात. बाहेर लटकणारी मोटर तिथेच टांगलेली असते. फायबरच्या होडीत बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मध्ये प्लायचं सारण असं ते सँडविच असतं. माझं सारण सडलंय.

मालवणी_पातवाला | १० जून, सकाळी ६:५०

प्लाय घालतंच कित्याक? सागाची दीड इंची फळी घाल आणि मोकळो हो. आमच्या हयसर बापाच्या पातीक जी सागाची फळी होती ती मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय. प्लाय म्हणजे कागद रे. पाणी लागलं की फुगतो.

चिकटपट्टी | १० जून, सकाळी ९:२०

मालवणकर, मान राखून असहमत. मी अकरा वर्षं फायबरच्या कामात आहे, टाक्या, होड्या, सगळं केलंय.

तुमच्या वडिलांची पात लाकडी होती. लाकडी होडीत फळी फुगते, सुकते, तिला तशी मोकळीक असते, उलट फुगल्यामुळे सांधे घट्ट होतात. तीच फळी दोन्ही बाजूंनी फायबरमध्ये कोंडली की गोष्ट वेगळी. साग कितीही चांगला असला तरी अखंड लाकूड रुंदीत हलतं. ओल गेली की रुंदी वाढते, फायबर काही वाढत नाही, मग चिकटलेली बाजू सुटते. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असल्यामुळे ते हलणं जवळपास थांबतं. शिवाय सागाला तेल असतं, त्यावर रेझिन (फायबरचे धागे ज्यात भिजवतात ते चिकट द्रव्य) धरायला नाटकं करतं.

साळकाठी, तुमच्या प्रश्नाकडे. तीन गोष्टी कळवा, मग जाडी सांगता येईल :
मोटरीचा क्लॅम्प पूर्ण उघडल्यावर किती जाडी घेतो? बाहेरचं फायबर सपाट आहे की त्याला बाक आहे? आणि रेझिन कुठलं वापरणार?

प्लाय किती हा प्रश्न यानंतरचा आहे. लोक प्लाय आणतात, बसवतात, वर आतून फायबर चढवतात आणि मग मोटर बसतच नाही. एका गृहस्थांनी शेवटी फळीची वरची कड रंध्याने तासून मोटर अडकवली. नवीन फायबर तासून! दोन पावसाळ्यांत परत आलेच.

दर्याबाय | १० जून, सकाळी ११:०५

+१ चिकटपट्टी. आमच्याकडे डॉल्फिन दाखवायच्या होड्या आहेत, त्यामुळे हे दुखणं घरचंच.

साळकाठी, तू प्लाय किती घालायचा ते विचारतोस, पण जुना का सडला ते बघितलंस का? २५ एमएमचा प्लाय पातळ होता म्हणून सडला नाही. पाणी कुठून तरी आत गेलं. माझी पैज, खालचं पाणी काढायचं भोक. बूच लावतात ते. तिथे प्लायची कड उघडीच असते आणि ते भोक कायम पाण्यात. ५० एमएम घातलास आणि भोक तसंच ठेवलंस तर ५० एमएम सडेल, एवढाच फरक.

साळकाठी | १० जून, संध्याकाळी ७:४५

दर्याबाय, पैज जिंकलात. बुचाच्या भोवती सगळ्यात जास्त काळं आहे. मोटरीच्या खालच्या दोन बोल्टांभोवतीही. वरच्या कडेला मात्र बऱ्यापैकी कोरडं होतं.

चिकटपट्टी, क्लॅम्प पूर्ण उघडून मोजला, ६२ एमएम. फळी सपाट नाही. सुतळी ताणून पाहिली तर १.२ मीटर रुंदीत मध्यभागी एक सेंटिमीटरचा बाक आहे. उंची अर्धा मीटर. रेझिनचं अजून ठरलेलं नाही. इथे सगळे पॉलिस्टरच वापरतात, इपॉक्सी महाग पडतं.

गणिती_कासव | १० जून, रात्री ९:३०

पेशाने इमारतींची गणितं करतो, होडीत बसलो की उलटी होते. पण हे गणित सोपं आहे म्हणून हात घालतो.

मोटर होडीला पुढे ढकलते तेव्हा पंखा खाली पाण्यात असतो आणि मोटर वर फळीला धरलेली असते. पंख्याने पुढे जोर दिला की ब्रॅकेटची खालची बाजू फळीला पुढे दाबते आणि वरची बाजू फळीची कड मागे ओढते. साळकाठींनी पाहिलेलं ‘मागे कलणं’ ते हेच.

ढोबळ आकडे : २५ हॉर्सपॉवर म्हणजे साडेअठरा किलोवॉट. पंख्यापाशी निम्मी ताकद कामी येते असं धरू. होडी सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर जोर साधारण ९० किलोचा. पंखा फळीच्या कडेपासून ५५-६० सेंमी खाली. ब्रॅकेटची उंची २८ सेंमी धरली तर खाली पुढे दाबणारा जोर १८० किलोच्या आसपास, आणि वर मागे ओढणारा त्याच्या निम्मा, ९०-९५ किलोचा. आणि होडी जागेवरून उठताना जोर याहून बराच जास्त असतो.

आता जाडी. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २५ ऐवजी ३८ घेतली तर दीडपट जाडी, पण ताठपणा साडेतीन पट. म्हणून थोडी जाडी वाढवणं स्वस्तात मोठं काम करतं.

पण! अठराचे दोन तुकडे एकमेकांना पूर्ण चिकटले असतील तर एका तुकड्याच्या आठ पट ताठ. नुसते स्क्रू मारून एकत्र ठेवले आणि एकमेकांवर घसरू शकले, तर फक्त दुप्पट. आठ आणि दोन. एवढा फरक चिकटवण्याचा आहे. पत्त्यांचा कॅट वाकवून बघा, मग त्याच पत्त्यांना फेव्हिकॉल लावून वाळवून बघा. (घरच्यांचे पत्ते वापरू नयेत.)

पेठेतला_कावळा | १० जून, रात्री ९:४८

कासवराव, पत्त्यांचं उदाहरण आवडलं. रमीचा कॅट बलिदान केला आहे. वाळतोय.

मालवणी_पातवाला | ११ जून, सकाळी ७:१०

बरं, प्लाय तर प्लाय. मग अठराचे तीन घाल. पुढे ४० ची मोटर घेशील तेव्हा बरं पडेल. एकदाच खर्च.

दर्याबाय | ११ जून, सकाळी १०:४०

बाबा, ४० च्या मोटरीसाठी नुसती फळी जाड करून भागत नाही. टू-स्ट्रोक ४० सुद्धा ७० किलोच्या पुढे जाते, आणि ते जास्तीचं वजन होडीच्या अगदी शेपटाला. दांड्याशी माणूस बसला की मागचा भाग पाण्यात. १७ फुटी होडीचा तळ, बाजूच्या भिंती, सगळं त्या मोटरीसाठी बांधलेलं असावं लागतं. फळी शाबूत राहील आणि फळीसकट कोपरे उपटतील. आमच्या किनाऱ्यावर एकाची तशीच गेलेली डोळ्यांनी पाहिलीय, फळीला ओरखडा नाही.

चिकटपट्टी | ११ जून, दुपारी १:३०

दर्याबायनी महत्त्वाचं सांगितलं. जोर फळीत येतो आणि फळीतून कुठे जातो? तळात आणि बाजूच्या भिंतींत. म्हणून आतल्या बाजूने फळी आणि तळ जिथे भेटतात तिथे काटकोन ठेवायचा नाही. तिथे पुट्टीने गोलाई द्यायची, अंगठा फिरेल एवढी, आणि त्यावरून फायबरच्या पट्ट्या तळावर निदान १५ सेंमी पुढे न्यायच्या. पहिली पट्टी अरुंद, पुढची रुंद, अशा चढत्या. सगळ्या एकाच रेषेत संपवल्या तर त्या रेषेवरच तडकतं. मध्यभागी तळाच्या कण्यापासून फळीपर्यंत प्लायचे दोन त्रिकोणी कोपरे उभे करून फायबरने बांधले तर उत्तमच.

आता जाडीचा हिशेब. मधल्या प्लायपुरता विचार करू नका, बाहेरून आतपर्यंत सगळी बेरीज करा :

बाहेरचं जुनं फायबर ५, चिकटाचा थर १, प्लाय, प्लायच्या मधले चिकटाचे थर प्रत्येकी १, आतलं नवं फायबर ४. प्लाय ३६ धरला तर ४७-४८ होतात. क्लॅम्प ६२ घेतो, म्हणजे १४ उरतात, स्क्रूला पकड राहते. २५ च्या मोटरीला हे भरपूर आहे. अठराचे तीन घातले तर ५४ चा प्लाय, बेरीज ६६. मोटर बसणारच नाही. मालवणकर, क्षमस्व.

३६ दोन प्रकारे होतात. अठराचे दोन किंवा बाराचे तीन. फळी सपाट असती तर अठराचे दोन म्हटलं असतं, काम कमी. पण तुमच्या फळीला एक सेंटिमीटरचा बाक आहे. सव्वा मीटरमध्ये अठराचा प्लाय तेवढा वाकवायला बरेच क्लॅम्प लागतील, आणि क्लॅम्प काढले की तो सरळ व्हायला बघणार, म्हणजे चिकटावर कायमचा ताण. बाराचा सहज बसतो. आणि तीन थर एकदा बाक घेऊन चिकटले की तो बाक तसाच राहतो.

तोटा एवढाच की चिकट जास्त लागतो. फायदा आणखी एक : आपल्याकडच्या प्लायमध्ये आतल्या थरांत कुठेतरी पोकळी असतेच. तीन वेगळ्या तुकड्यांत त्या पोकळ्या एकाच जागी येत नाहीत.

मेस्ताची_नात | ११ जून, रात्री ८:१५

मी एरवी फक्त पाककृती वाचायला येते, पण हा धागा वाचून राहवेना.

माझे आजोबाही होड्या बांधायचे, तळपणला. साळकाठी, तुमचे काणकोणचे मेस्त ‘बारा’ म्हणाले ते एमएम नव्हेत हो. सूत! जुने मेस्त एमएममध्ये बोलतच नाहीत. इंचाचे आठ सूत. बारा सूत म्हणजे दीड इंच.

गणिती_कासव | ११ जून, रात्री ८:२२

दीड इंच = ३८ एमएम. बाराचे तीन = ३६, अधिक मधले दोन चिकटाचे थर = ३८.

मी आता लॉगआउट करतो.

पेठेतला_कावळा | ११ जून, रात्री ८:२४

एमएमचे बारा घातले तरी बारा सूत, सुताचे बारा घातले तरी बारा सूत!! मेस्तांचे पाय कुठे आहेत?

मालवणी_पातवाला | ११ जून, रात्री ८:४०

पहिल्याच दिवशी मी काय म्हटलं होतं? दीड इंची. वर जाऊन वाचा.

साळकाठी | ११ जून, रात्री ९:०५

दोन दिवस मी त्या म्हाताऱ्या माणसावर मनातल्या मनात रागावलो होतो. देव बरें करूं, मेस्ताची नात. उद्या फोन करून सांगतो त्यांना. म्हणजे, सांगत नाही. आपलं सहज विचारपूस करतो.

आता प्लाय कुठला घ्यायचा? दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून स्वस्त एक आहे आणि मरीन म्हणून महाग एक आहे.

चिकटपट्टी | १२ जून, सकाळी ९:५०

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, शीटवरचा छाप वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ असेल तर तो साधा प्लाय. त्यातली पाण्याला तोंड देणारी बीडब्ल्यूआर प्रत स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक. होडीला आयएस ७१०. त्याचा चिकट फिनॉलचा असतो आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायचा असतो. आयएसआयची खूण आणि खाली परवान्याचा क्रमांक, दोन्ही हवेत. नुसतं इंग्रजीत ‘मरीन’ छापलेलं असेल तर ते कोणीही छापू शकतं.

मग शीट आडवी धरून चारही कडा बघा. थरांत फटी दिसतात का? बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकत जा, भद्द आवाज आला तर आत पोकळ. आणि कॅलिपर न्या. मापात पाच टक्के कमी-जास्त मानकालाच मान्य आहे, त्यामुळे बाराचा साडेअकरा निघाला तर भांडू नका, साडेदहा निघाला तर भांडा.

कोपऱ्याचा एक तुकडा मागून घरी उकळा. ७२ तास नाही जमले तर दिवसभर तरी.

साळकाठी | १५ जून, रात्री १०:००

उकळला. मागच्या अंगणात चुलीवर, जुन्या टोपात. आई दोन वेळा येऊन झाकण उघडून बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘‘कितें रे, मीठ घातलंस?’’

पहिल्या दुकानाच्या तुकड्याची पानं सहा तासांत पुस्तकासारखी उलगडली. छाप होता त्यावर. दुसऱ्या दुकानाचा तुकडा दोन दिवस उकळून काढला, जरा फुगलाय, पण सुरी घालूनही थर सुटत नाहीत. दुसऱ्याकडूनच एक शीट घेतली. ८ बाय ४ मध्ये १.२ बाय अर्ध्या मीटरचे चार तुकडे निघतात, म्हणजे तीन फळीला आणि चौथ्यातून ते त्रिकोणी कोपरे.

दर्याबाय | १५ जून, रात्री १०:२०

कापलेल्या शीटच्या कडा लगेच झाक. आणि आत घे! या हवेत अंगणात ठेवलेला प्लाय दोन दिवसांत ओल पितो. आमच्याकडे एकदा खोलीत पंखा लावून आठ दिवस सुकवलाय, पाळण्यातल्या मुलासारखा.

चिकटपट्टी | १६ जून, सकाळी १०:१५

रेझिनबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळे घसरतात.

पॉलिस्टर स्वस्त, हाताला बसलेलं, आणि होडी मुळात त्याचीच आहे. फायबरवर फायबर चढवायला छान. लाकडाला मात्र ते मनापासून धरत नाही. कारखान्यांतून वर्षानुवर्षं पॉलिस्टरनेच फळ्या बसवल्यात, पण पद्धत आहे : आधी प्लायला रेझिनचा एक हात पाजायचा, मग दोन तुकड्यांच्या मध्ये ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) पूर्ण भिजवून घालायची आणि दाबायचं. नुसतं रेझिन फासून चिकटवलं तर गणिती कासवांचे आठ परत दोनावर येतात.

इपॉक्सी लाकडालाही धरतं आणि जुन्या फायबरलाही, चांगलं घासलेलं असेल तर. एवढ्या लहान कामाला जास्तीचा खर्च सोसावा असं माझं मत. पण मग काही पथ्यं :

एक, इपॉक्सीबरोबर ती नेहमीची चुरा-धाग्यांची मॅट वापरू नका. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट ताठ राहते, खाली हवा अडकते. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

दोन, इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टर चढवू नका, नीट धरत नाही. उलट चालतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिस्टरला हार्डनर थोडं कमी-जास्त करून वेळ साधायची सवय सगळ्या कामगारांना असते. पाऊस आहे, टाक दोन थेंब जास्त. इपॉक्सीत हे चालत नाही. त्यात हार्डनर हा निम्मा भागीदार आहे, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनाने असेल तर वजनाने. जास्त घातलंत तर लवकर होणार नाही, कधीच नीट होणार नाही. रबरासारखं राहतं. मी एक अख्खी फळी खरवडून काढली आहे, माझ्याच हाताखालच्या मुलाने ‘मदत’ केली होती.

आणि पॉलिस्टर वापरणाऱ्या कोणी वाचत असेल तर : कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका. भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं.

साळकाठी | १६ जून, दुपारी २:००

इपॉक्सीच करतो. पण एवढ्या दमट हवेत?

चिकटपट्टी | १६ जून, दुपारी २:४०

होतं. सुकल्यावर वर मेणचट, तेलकट थर येईल, तो दमट हवेमुळे. पुढचा हात द्यायच्या आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या खरबरीत घासणीने धुवा, पुसा, वाळवा, मग घासा. न धुता पॉलिश पेपर मारलात तर तो थर आतच रगडला जातो.

चिकटासाठी इपॉक्सी नुसतं पातळ वापरू नका. आधी पातळ हात पाजा, मग सिलिकाची पूड घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि दातेरी थापीने पसरा. क्लॅम्प दमाने आवळा, कडेने चिकट सारखा बाहेर येईल इतपतच. जीव खाऊन आवळलं तर सगळा चिकट बाहेर आणि आत कोरडं.

मेस्ताची_नात | १६ जून, संध्याकाळी ६:३०

अवांतर : श्रीखंडाएवढं म्हणजे लग्नातलं की घरचं?

चिकटपट्टी | १६ जून, संध्याकाळी ६:५५

घरचं. चमचा उभा राहिला पाहिजे.

साळकाठी | ८ जुलै, रात्री ९:१०

अहवाल देतो. पुठ्ठ्याचा फर्मा करून तीन तुकडे कापले. एकेक न चिकटवता तिन्ही एकदमच केले. बाहेरच्या फायबरमधून पाच लांब बोल्ट आरपार घालून, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या देऊन आवळले. बोल्टांना मेण लावलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निघाले.

दोन गाढवपणा केले. पहिला, एकदम दीड लिटर मिश्रण बादलीत कालवलं. पंधरा मिनिटांत बादली हाताला धरवेना, वीस मिनिटांत धूर. पसरट ताटात थोडं थोडं कालवायला हवं होतं. अर्धं फुकट गेलं. दुसरा, डाव्या कोपऱ्यातला बोल्ट जास्त आवळला. तिथे फळी तीन एमएमने आत दबलीय. आता रंगाखाली जाईल, पण मला रोज दिसेल.

आतून तीन थर कापड, कोपऱ्यांवर पट्ट्या चढत्या रुंदीच्या. एकूण जाडी वरच्या कडेला मोजली : ४८.

दर्याबाय | ८ जुलै, रात्री ९:३५

भोकं?

साळकाठी | ८ जुलै, रात्री ९:५०

परवा करतोय. ८ च्या बोल्टला ८ चंच भोक ना?

दर्याबाय | ८ जुलै, रात्री ९:५२

नाही नाही नाही. थांब.

आधी १४ चं भोक पाड. मागून टेप लाव. घट्ट इपॉक्सीने ते भोक पूर्ण भर, हवा राहू देऊ नकोस. पूर्ण कडक झालं की त्याच्या बरोबर मध्ये ८ चं भोक पाड. म्हणजे बोल्टभोवती चहूकडून तीन एमएमची इपॉक्सीची नळी, पाणी आलं तरी त्याची गाठ लाकडाशी पडतच नाही. बुचाच्या भोकालाही तसंच, फक्त आणखी मोठं, आणि मग पितळी नळी बसव. बोल्ट बसवताना पॉलियुरेथेनचं सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन नको. बोल्ट ३१६ चे स्टीलचे, ३०४ खाऱ्या पाण्यात फटीत गंजतं. आतून मोठी पट्टी दे, नुसते वॉशर लाकडात रुततात.

पुढे मासा शोधायचं यंत्र बसवशील, त्याचा सेन्सर दोन बारीक स्क्रूंवर लावतात. त्या दोन स्क्रूंनाही हेच. सगळं व्यवस्थित करून शेवटी त्या दोन स्क्रूंनी फळी घालवलेले लोक मोजायला बसले तर एक ट्रॉलर भरेल.

मालवणी_पातवाला | ९ जुलै, सकाळी ६:४०

हां, ह्या बाईक सगळा म्हायत आसा.

साळकाठी | ३ सप्टेंबर, रात्री ८:३०

पुनवेला नारळ अर्पण केला, दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात. लगेच लिहिणार होतो, पण म्हटलं महिनाभर चालवून मगच बोलावं.

आधी जमिनीवरच तपासणी केली. मोटर वर उचलून, तिच्या खालच्या टोकावर मी दोन्ही हातांनी भार दिला आणि भावाने फळीच्या कडेला सरळ पट्टी धरली. मे महिन्यात हेच केलं तेव्हा कड बोटभर हलली होती. आता पट्टीखाली उजेड दिसला नाही. बेतुलला मुखापाशी भरतीच्या लाटांत पूर्ण पिळून आलो. मागे कलणं बंद. बुचाभोवती आतून चॉकने गोल काढून ठेवलाय, ओल आली तर पुसला जाईल. अजून तरी आहे.

काणकोणच्या मेस्तांना होडी बघायला घेऊन आलो होतो. कडेवर वीत टेकवून, खिशातली घडीची पट्टी काढून मोजलं. म्हणाले, फायबर धरून पंधरा सूत झालं, चड झालं. मी म्हटलं, आत बाराच आहे. मग गप्प बसले, आणि डाव्या कोपऱ्यातला तो तीन एमएमचा खड्डा बरोब्बर बोटाने दाबून दाखवला.

पेठेतला_कावळा | ३ सप्टेंबर, रात्री ८:४५

वा! चौथ्या तुकड्याचं पुढे काय झालं? कोपरे करून उरला असेल ना?

साळकाठी | ३ सप्टेंबर, रात्री ९:००

आईने आडोळीला (विळीला) नवी फळी करून घेतली. ‘‘दोन दिवस उकळलेलं लाकूड, म्हणजे स्वच्छच,’’ म्हणाली. उकळलेला तुकडा वेगळा होता हे तिला सांगितलेलं नाही.

मेस्ताची_नात | ३ सप्टेंबर, रात्री ९:१२

त्या प्लायला किडीचं औषध पाजलेलं असतं, साळकाठी! त्यावर नारळ नको. आजच काढून घ्या.

साळकाठी | ३ सप्टेंबर, रात्री ९:१४

उठलो.